तेवढं जरा

पांढऱ्या शर्टाचं एक बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. नवरा आरशासमोर उभा राहून भराभर बटणं लावत गेला, त्याच्या काही लक्षात आलं नाही. ती मात्र हातातला कप तसाच धरून त्या निळ्या टाक्यांकडे बघत राहिली. हे काम कुणी सांगितलं होतं? तिनं नाही. म्हणजे इस्त्री करताना छकुलीला सांभाळणाऱ्या मावशींना बटण लोंबताना दिसलं असणार, आणि छकुली झोपल्यावर त्यांनी सुईदोरा शोधून... पण इस्त्री तरी मावशींनी करायची, असं कधी ठरलं होतं?

‘आज सांगून टाक त्यांना,’ नवरा म्हणाला. ‘महिना संपला. खालच्या मजल्यावरचे देतात त्यापेक्षा थोडा जास्त पगार देऊ. तसंही पोरगी झोपली की बाई रिकामीच असते.’

‘रिकाम्या नसतात त्या.’

‘मग तूच काय ते ठरव बाई. घरातलं तुला ठाऊक.’ यात टोमणा नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

मागच्या आठवड्यात मावशी दाराशी चपला सरकवता सरकवता म्हणाल्या होत्या, ‘ताई, पगाराचं बघा एकदा. मूल सांभाळायला म्हणून आले होते मी.’ एवढंच. आवाज चढवला नाही, उत्तरासाठी थांबल्या नाहीत. जिन्यावरून त्यांची पावलं खाली जाताना ती ऐकत राहिली आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला चोरी करताना पाहिलंय आणि चोर मात्र म्हटलेलं नाही.

कारखान्यात... कारखाना कसला, तीन खोल्यांत दात बनतात. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात, आणि ती मेणात दाढा कोरते. तापवलेल्या पात्यानं एकेक उंचवटा, एकेक खाच. मालक दातामागे पैसे देतो. भट्टीत तडकला तर त्या दाताचे कापतो. हात मेणावर चालत राहतो आणि डोकं आपलं भटकतं. ते आज भटकून भटकून स्वयंपाकघरातच येत होतं.

सुरुवात कशी झाली? छकुलीच्या बाटल्यांपासून. बाटल्या धुताना हात ओले आहेतच, तर ते दोन कप—तेवढं जरा. पोरीचे कपडे भिजवताय, तर माझेही दोन—जमलं तर हं, नाही जमलं तर राहू दे. ती प्रत्येक वेळी ‘जमलं तर’ म्हणाली होती. आणि त्यांना प्रत्येक वेळी जमलं. मग केर. मग भाजी चिरणं. मग इस्त्री. हुकूम म्हणून एकही शब्द तिनं कधी उच्चारला नव्हता, त्याचा तिला आतून अभिमानच होता. आपल्या घरात बाईला कामवालीसारखं वागवत नाहीत. मावशी घरच्याच.

आणि घरच्याच नव्हत्या का त्या? त्या दुपारनंतर?

पातं गार झालं. तिनं ते पुन्हा ज्योतीवर धरलं.

त्या दुपारी नवरा कामानिमित्त परगावी होता. पोटातल्या जिवाला जेमतेम तिसरा महिना लागलेला, कुणाला सांगितलंही नव्हतं. कंबर दुखते म्हणून ती पडून होती आणि मग गादीवर ते ऊबदार, थांबत नसलेलं... तिनं हाक मारली ती ‘आई गं’ अशी, आणि आल्या मावशी. छकुलीला दुसऱ्या खोलीत चमचे-वाट्या देऊन बसवलं, गाडी बोलावली, तिला धुतलं, कपडे बदलले. गाडी येईपर्यंत तिच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. ‘होतं असं. होतं,’ म्हणत राहिल्या. इस्पितळातून ती परतली तेव्हा पलंगावर धुतलेली चादर होती, गादीवर कसला डाग नव्हता, खोलीला साबणाचा वास होता. त्यानंतर दोघींपैकी कुणीही त्यावर बोललं नाही. नवऱ्याला तिनं फोनवर एका वाक्यात सांगितलं. तो म्हणाला, ‘तू नीट आहेस ना?’ आणि ते तिथंच संपलं. त्या जिवाचं असं जगात जे काही उरलं होतं ते या दोन बायकांमध्ये होतं, न बोलता. छकुलीला भरवताना मावशींनी नुसतं मान वर करून पाहिलं तरी तिला वाटायचं, यांना माहीत आहे, आपण एकट्या नाही.

त्याचे पैसे कसे लावणार? पगार वाढवायचा विचार मनात आला की तो त्या दुपारपाशी येऊन अडायचा. तिथं पैशाचं नाव काढणं म्हणजे... छे! आणि तिथं नाही, म्हणून मग कुठंच नाही. असे कित्येक महिने गेले.

दीडपट. संध्याकाळी हात धुताना तिनं ठरवून टाकलं. खालच्यांपेक्षा पुष्कळ जास्त. नवरा कुरकुरेल, कुरकुरू दे. रस्त्यावरून चालताना तिला हलकं वाटत होतं, आपण देतोय ते घेताना मावशींचा चेहरा कसा होईल, हेही तिनं दोन-तीनदा मनात पाहून घेतलं.

मावशी छकुलीला भरवत होत्या. तिनं तिथंच ओट्याला टेकून सांगितलं.

‘दीडपट,’ मावशी म्हणाल्या. छकुलीच्या हनुवटीवरचा घास बोटानं पुसून पुन्हा तोंडात घातला. ‘कशाकशाचं धरलंत?’

‘सगळंच. भांडी, कपडे, केर, इस्त्री...’

‘आणि गादी?’

‘कुठली गादी?’ असं ती म्हणाली खरी, पण म्हणतानाच तिला ती आठवली.

‘तेव्हाची. एकटीनं गच्चीवर चढवली. घासली, वाळवली, परत खाली आणली. कंबरच धरली माझी. पोरीला उचलता येईना, म्हणून ताप आलाय सांगून घरी राहिले. पगारातून ते दिवस कापले तुमच्या साहेबांनी.’

‘मला... मला माहीत नव्हतं, मावशी.’

‘तुम्ही पडून होतात, तुम्हाला कुठून कळणार? पण मला रक्ताची किळस येते, ताई. पहिल्यापासून. केलं, कारण करायला दुसरं कोण होतं? पण दुसऱ्या कुणाच्या घरी मी हात लावला नसता, किंवा आधी पैसे बोलले असते.’ हे सगळं त्या शांतपणे बोलत होत्या, दुधाचा भाव वाढल्याचं सांगावं तसं. ‘तेही धरा. काम ते काम. वरच्या मजल्यावरचे बोलावतायत मला, नुसतं मूल बघायला. उद्या सांगा काय ते.’

त्यांनी वाटी धुऊन उपडी घातली, छकुलीचं तोंड पुसलं, तिचा पापा घेतला आणि गेल्या. पापा नेहमीसारखाच होता. दार लागल्यावर छकुली थोडी रडली, मग विसरली.

ती ओट्याशीच उभी होती. राग यायला हवा होता. आणि आला तर तो कुणावर काढायचा, तेही कळेना. मावशी खरं तेच बोलल्या. कापलेले दिवस भरून द्यायचे, गादीचे द्यायचे, वर काही द्यायचं. हिशेब एकदम सोपा झाला होता. सगळे महिने ज्या ठिकाणी तो अडत होता तिथं आता काहीच नव्हतं. आकडा सरळ पलीकडे जात होता. नवरा आला की ती सांगेल, आणि तो हो म्हणेल. मावशी राहतील किंवा वर जातील.

पण ते दुसरं, त्या जिवाचं उरलेलं... इतके दिवस तिनं ते दोघींच्या हातांत मिळून धरलं होतं, असं तिला वाटत होतं. पलीकडचा हात तिथं नव्हताच. कदाचित पहिल्यापासूनच नव्हता, आणि इतक्या महिन्यांत तिला ते जड वाटलं नाही ते निव्वळ कुणीतरी उचललंय या समजुतीवर. आता जड वाटू लागलं. पहिल्यांदाच, पोटापाशी, खाली ओढणारं. छकुली पायाला बिलगून वर बघत काहीतरी मागत होती, आणि तिला वाकता येत नव्हतं.