दोन डावे पंख

शिवणकारखान्यात तिला सगळे ‘मास्टर’ म्हणत. कापड बेतायचं आणि कापायचं तिनं, बाकीच्यांनी नुसतं शिवायचं. घरी मात्र ही बाई बाल्साच्या हलक्या लाकडाची छोटी विमानं बांधायची आणि सुट्टीच्या दिवशी अशाच हौशी मंडळींच्या क्लबच्या मैदानावर उडवायची. मग मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि डाव्या हातातला जोर गेला. बोटं हलत, पण धरलेलं सुटून जाई.

थोरल्या भावानं, दादानं, तिला सामानासकट आपल्या घरी आणलं. औषधपाणी, पथ्य, व्यायाम, सगळं मनापासून केलं. पण मनापासून करणारी माणसं विचारायचं तेवढं विसरतात. क्लबच्या सेक्रेटरीला त्यानं परस्पर सांगून टाकलं, की तिचं टेबल, लाकूड, हत्यारं सगळं महिनाअखेरीला घेऊन जा. मास्टरला हे कळलं ते दादा टेबलाला मोजायची टेप लावताना दिसला तेव्हा.

“मला विचारलंस?”

“अगं, पातं लागलं बोटाला तर? एका हाताचं काम आहे का ते?”

“नाही ना. म्हणून दुसरा हात करते. महिनाअखेरीपर्यंत विमान झालं, तर टेबलाला हात लावायचा नाही.”

दादा हसला. हसू दे. मास्टरनं कंबर कसली.

दुसरा हात म्हणजे जिग. पंखाचा प्रत्येक तुकडा गोंद वाळेपर्यंत जागच्या जागी धरून ठेवणारा साचा. विकतचा मिळतो, पण तो दोन धड हातांच्या माणसांसाठी केलेला असतो. तिनं जुन्या कपाटाची फळी घेतली, तिच्यावर पंखाचा कागदी बेत टाचण्या टोचून बसवला, फळी शिकंज्यात आवळली आणि उजव्या हातानं करवत चालवून पंखाच्या फासळ्यांसाठी खाचा पाडल्या. फासळ्या दाबून धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे आणि त्यांना ताण द्यायला परकराचं इलॅस्टिक. इलॅस्टिकनं पहिल्याच दिवशी फासळी उडवली ती थेट दादाच्या चहात. तो नुसता मान हलवत राहिला. ते बोलण्यापेक्षा वाईट. तिनं इलॅस्टिक काढून फेकलं आणि कापडावर ठेवायची आपली लोखंडी वजनं आणली. वजनं मुकाट्यानं बसून राहिली. हाताकडून तिची अपेक्षा एवढीच होती.

एक पंख झाला. तो सोडवून त्याच जिगवर दुसरा झाला. मास्टर इतकी खूश, की तिनं स्वतःच फोन करून सेक्रेटरीला बोलावलं.

त्यानं पंख उचलले, शेजारी शेजारी धरले, उलटसुलट केले आणि खाकरला.

“मास्टर, हे दोन्ही डावे आहेत.”

तिनं पाहिलं. खरंच की. उभ्या जन्मात तिच्या हातून असं झालं नव्हतं, आणि का झालं ते तिला तत्क्षणी कळलं. बाही कापताना कापड दुहेरी घातलेलं असतं. बेत एकच ठेवायचा, कात्री एकदाच चालवायची. वरची बाही डावी, खालची उजवी, आपोआप. आयुष्यभर दुसरी बाजू तिला फुकट मिळत आली होती. लाकडाची घडी होत नाही, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पुरे आता. हौस झाली ना?”

त्या मायेचाच तिला राग आला. हातातला जोर गेला होता, पण हा माणूस तिला तिच्याच टेबलावरून डावलत होता, आणि तेही खांदा थोपटून.

“नाही झाली,” ती म्हणाली. “डावे दोन झालेत ना? मग उजवेही दोन करीन. विमानं दोन होतील.”

“दोन कशाला?” सेक्रेटरीनं विचारलं.

“एक माझं. एक तुमच्या क्लबच्या नव्या मंडळींना. टेबल देणार नाही, विमान देते. उडवताना सांगा त्यांना, पंख डाव्या हातानं केलेत.”

सेक्रेटरीनं दादाकडे पाहिलं. “टेबल न्यायच्या टेम्पोला मी नको म्हणून सांगतो,” तो म्हणाला, आणि दादाच्या होकारासाठी थांबला नाही.

मास्टरनं पंखाचा कागदी बेत फळीवरून सोडवला. रेषा एकाच बाजूला होत्या, पण टाचणीनं टोचलेली भोकं दोन्हीकडून दिसत होती. तिनं कागद पालथा घातला. डाव्याचा उजवा झाला. तिला आपलंच हसू आलं. एवढं सोपं होतं, डाव्या हाताचा मळ.

नव्या खाचांसाठी फळीही पालथी करून तिनं शिकंज्यात आवळली. कागद सरकू नये म्हणून एका टोकाला वजन ठेवलं. दुसरं टोक वर उचललं जाऊ लागलं तसा दादा नकळत पुढे झाला आणि त्यानं ते बोटानं दाबून धरलं. चांगलं घट्ट धरलं होतं त्यानं.

“बोट काढ दादा,” ती म्हणाली, आणि दुसरं लोखंडी वजन उचललं. “तिथं माझा हात येणार आहे.”