नागीची रिकामी चौकट

मी नागीचा नमुना-कागद बोलतोय. तोक्योतल्या एका अ‍ॅनिमे स्टुडिओत, ओगिनोबाईंच्या टेबलावर माझा जन्म झाला. नागी हे त्यांच्या नव्या मालिकेतलं पात्र. ते कसं हसतं, कसं बसतं, हे माझ्यावर पाहूनच बाकीचे चित्रकार त्याला काढतात. स्वतःची स्तुती करू नये, पण मी देखणा आहे!

माझ्या कोपऱ्यात 'मुलगा की मुलगी' अशी चौकट आहे. बाईंनी ती मुद्दाम रिकामी ठेवली. नागी दोन्हींपैकी काहीच नव्हतं आणि त्यातच खुशीत होतं.

चित्रांची ने-आण पाहणारे हामुरो-सान भारी काटेकोर. अर्धवट कागद बाहेर पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी वळणदार अक्षरात 'मुलगी' लिहिलं आणि माझ्या प्रती सोळा चित्रकारांना धाडल्या. मी जीव तोडून ओरडलो, पण कागदाचं कोण ऐकतो?

चित्रं आली. मांडी घालून बसणारं नागी पाय एका बाजूला दुमडून, लांब पापण्या मिटत बसलं होतं. पहिला भाग नऊ दिवसांवर आला होता.

हामुरो-सान कमरेत वाकले ते वर येईनात. "चुकलो. मग मुलगा लिहू का?"

"अहो, तेही नाही! उठा आधी, पिवळे कागद आणा."

चित्रावर पिवळा कागद ठेवून दुरुस्ती काढायची, ही इथली रीत. गठ्ठा उपसताना बाई थबकल्या. सोळा चित्रकारांपैकी तेवीस वर्षांच्या तोकिवांचं नागी मात्र जसंच्या तसं होतं.

"तुम्ही चौकट वाचली नाहीत?"

"वाचली. पण चित्रातलं नागी तसं नव्हतं." तोकिवांची मान खाली होती. "अशी चौकट भरताना माझाही हात थांबतो. घरी अजून सांगितलेलं नाही."

बाईंनी शेजारची खुर्ची ओढून दिली. दोघांनी आठ दिवसांत तीनशे चित्रं सुधारली. हामुरो-सान भाताचे गोळे पुरवत राहिले. या माणसांचा मला फार अभिमान वाटतो. नागी टीव्हीवर नागी म्हणूनच आलं.

तो भाग पाहून तोकिवांनी माझी एक प्रत अकिताला आईकडे पाठवली. मागे लिहिलं, "आई, मी नागीसारखं आहे."

दोन आठवडे उत्तर नाही. तोकिवांची पेन्सिल चालेना. मग पार्सल आलं. आत दोन विणलेले मफलर आणि चिठ्ठी: "विणायला वेळ लागला. एक तुला. दुसरा नागीला, गळा उघडाच दिसतो बिचाऱ्याचा."

आता मी कपाटात असतो. चौकटीवर 'मुलगी' झाकणारा पांढऱ्या शाईचा डाग आहे. कधी मला बाहेर काढलंत, तर कृपा करून तिथे काही लिहू नका. नागीचा मफलर माझ्यावरच घडी करून ठेवलाय. काय ऊब आहे म्हणून सांगू!