थोरला पुढे

धाकटी जाऊ औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिथे तिचा दरारा होता. भल्या भल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळीची मात्रा चुकलेली दिसली, तर ती सरळ फोन उचलून सांगायची, "डॉक्टर, हे जास्त होतंय." घराचा उंबरठा ओलांडला की मात्र तोंडाला कुलूप. कारण घरात थोरली होती. थोरली शिवणकाम करायची, गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला जुनी गाडी चालवायची, आणि आयुष्यात कुणाला विचारून काही केलं असेल तर शपथ. वाईट नव्हती हो! धाकटीच्या बाळंतपणात तिने रात्रीचा दिवस केला होता. म्हणूनच तर तिला तोंडावर 'चुकलं' म्हणायला धाकटीची जीभ रेटत नसे. बारा वर्षांत एकदाही रेटली नव्हती.

गाडीचे मागचे ब्रेक आठवडाभर खरखरत होते. थोरलीने सुटे भाग आणले आणि सुट्टीच्या दिवशी जाहीर केलं, "घरीच करायचं. शिलाई मशीन मी अख्खं खोलून जोडते, ह्या गाडीचं काय घेऊन बसलात!" दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, पान्हा हातात घ्यावा लागेल या भीतीने न्याहारी आटोपताच पसार झाले. मग धाकटी मदतीला उभी राहिली.

पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकवर गाडी उचलली, खाली आधाराला लोखंडी घोडी सरकवली, चाक काढलं. चाकामागचा ब्रेकचा ड्रम गंजून जागेवर घट्ट बसला होता. थोरलीने त्याला चहूबाजूंनी हातोडीने ठोकलं, चार शेलक्या शिव्या दिल्या, तेव्हा कुठे तो निघाला. "फुंकू नको, ती भुकटी छातीत जाते," म्हणत तिने ओल्या फडक्याने आतलं सगळं पुसून घेतलं. आत दोन अर्धगोल ब्रेक शू समोरासमोर, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा. एक स्प्रिंग सुटून थेट कुंडीत जाऊन पडली.

"पुढच्या शूचं अस्तर बघ, झिजून झिजून आखूड झालंय बिचारं," थोरली म्हणाली. शूवर चिकटवलेल्या पट्टीला अस्तर हा तिचा शब्द. दुकानदार त्याला लायनिंग म्हणतो.

नव्या खोक्यातूनही एक लांब अस्तराचा शू निघाला आणि एक आखूड अस्तराचा. थोरलीला क्षणभरही प्रश्न पडला नाही. "मोठा पुढे, धाकटा मागे. सोपं आहे." त्या घरात सगळं तसंच चालायचं. अंघोळीला आधी थोरला भाऊ, वर्तमानपत्र आधी थोरल्याला, फोटोत पुढच्या खुर्चीवर थोरली पाती. ब्रेकने तरी वेगळं का वागावं?

धाकटीला मात्र दिसत होतं. झिजलं की अस्तर पातळ होतं, आखूड कसं होईल? आणि जुन्या शूवर त्याची कड कशी कात्रीने कापल्यासारखी सरळ होती, म्हणजे ते मुळातच आखूड होतं. तिने तोंड उघडलं.

"काय गं?"

"काही नाही. पक्कड देऊ?"

दुसऱ्या चाकातही पुढचाच आखूड निघाला. आता तर शंकेला जागाच नव्हती. तरी थोरलीने तिथेही लांब शू पुढे बसवला आणि धाकटीने तिला स्प्रिंगा दिल्या, एकामागून एक, स्वतःच्या हाताने.

गल्लीत गाडी हळूहळू चालवून पाहिली. पेडल घट्ट, गाडी थांबली. थोरली खूश. "चल, लेकीला पोहण्याच्या वर्गातून घेऊन येऊ."

लेक धाकटीची. वर्ग उताराच्या पायथ्याशी, आणि उतार संपतो तिथे मोठा चौक, मालट्रकांचा. रोज सकाळी ह्याच गाडीतून, ह्याच उतारावरून लेक शाळेला जायची. धाकटी गाडीत बसली खरी, पण दाराची कडी तिने घट्ट धरून ठेवली. गल्ली संपली. समोर रस्ता खाली झुकलेला दिसला.

"वहिनी, थांबा!"

आवाज एवढा मोठा निघाला की थोरलीने ब्रेकवर पाय आदळला आणि गाडी कडेलाच बंद पडली.

"काय झालं? मांजर?"

"शू उलटे बसलेत. आखूड पुढे होता. दोन्ही चाकांत. मी बघितलं होतं."

थोरलीने गाडीची किल्ली काढली. मग पिशवीतून फोन काढून सुट्या भागांच्या दुकानदाराला लावला. तो दुपारच्या झोपेतून उठला असावा. "बाई, ह्या गाडीत आखूड पुढे, लांब मागे," तो जांभई देत म्हणाला. "पुढचा आधी टेकतो आणि मागच्याला रेटतो. खरा भार मागचाच घेतो. उलटं लावलंत तर गल्लीत कळणार नाही, उतारावर कळेल."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," थोरली पुटपुटली आणि फोन ठेवला. ओरडली नाही. धाकटीला तेच जास्त अवघड गेलं.

लेकीला फोनवरून मैत्रिणीकडे थांबायला सांगून दोघी परत आल्या. पुन्हा जॅक, पुन्हा पक्कड. ह्या वेळी शू धाकटीने बसवले आणि थोरलीने स्प्रिंगा दिल्या. तिसऱ्यांदा थोरलीने "बघ बाई, बरोबर ना?" विचारलं, तेव्हा धाकटी चक्क म्हणाली, "लुडबुड नका करू हो."

मग उतार. थोरलीने गाडी सावकाश सोडली, मध्यावर ब्रेक दाबला. गाडी गुमान थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा दाबला. पायथ्याशी चौकाच्या रेषेआधी दोन हात राखून गाडी उभी राहिली. समोरून एक मालट्रक धडधडत गेला. सकाळपासून कोंडलेला श्वास धाकटीने सोडला आणि इतकं हलकं वाटलं की ती हसायलाच लागली. हसता हसता डोळे भरून आले. सुटलो बाई, असंच तिच्या मनात येत होतं.

थोरलीने तिथेच हँडब्रेक ओढला.

"बारा वर्षांत आणखी काय काय गिळलंस?"

"काही नाही, वहिनी."

"आता खोटं बोललीस तर इथे उतरवून देईन."

धाकटीने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "तुम्ही शिवलेलं सगळं," ती म्हणाली, "मला गळ्याशी आवळतं."

"सगळं?"

"पहिल्यापासून."

 थोरलीने पिशवीत हात घालून मापाची टेप काढली. "मान वर कर," ती म्हणाली, आणि मागची गाडी हॉर्न वाजवत असतानाही शांतपणे धाकटीच्या गळ्याचं माप घेतलं.