वारूळवाडीच्या जर्मन वर्गातली चाकांची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर हौसेनं कुणी बसत नाही. चाकांची खुर्ची मी, तीही जुनी. अपवाद एका बाळासाहेबांचा. आमचा वर्ग भरतो तो हॉल त्यांच्या मालकीचा, आणि चहासाठी त्यांना कुठलीही खुर्ची चालते.

नारायणगावच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं माणसं वाहिली. बरी झालेली माणसं डॉक्टरांच्या पाया पडत. माझ्याकडे वळूनही बघत नसत. पुढे नव्या खुर्च्या आल्या नि मी जिन्याखाली गेले. मांडीवर रिकामी खोकी आली.

तिथून वैजयंतीताईंनी मला वारूळवाडीला आणलं. जर्मनीत कामाला निघालेल्या नर्सना त्या तिथली भाषा शिकवतात. कामाची भाषा काम करतच शिकायची, हा त्यांचा खाक्या. म्हणून माझ्यावर पेशंट हवा. तो मान हॉल झाडणाऱ्या गोजरबाई घोलपांचा.

त्या नर्समधली स्नेहल डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची. जर्मन फाडफाड बोलायची, अडायची एकाच जागी. गोजरबाई टेकल्या रे टेकल्या, की "चला आजी" म्हणून ब्रेक काढायची नि मला ढकलायची.

"अगं, आधी विचार! 'डार्फ इश', म्हणजे नेऊ का? आणि उत्तराची वाट बघ. तिथं न विचारता पेशंटला हलवायचं नाही."

"ताई, इचारून कुणी सेवा करतं व्हय? आमच्यात पावण्याला 'च्या घेता का' इचारलं, तर त्याला वाटतं, हिला द्यायचाच न्हाई."

"लई खरं," पेशंटनं माझ्यावरूनच दुजोरा दिला.

माझ्या हिशेबी दोघींचंही खरं होतं; पण नोकरी ताईंच्याच हिशेबानं मिळणार होती. तिथल्या वृद्धाश्रमाच्या बाई व्हिडिओवर परीक्षा घेणार होत्या. आता हुकलं तर गाशा गुंडाळून घरी यायचं, असं स्नेहलला तिच्या भावानं, भरतनं, बजावलं होतं.

परीक्षेच्या दिवशी त्या बाई पडद्यावर आल्या, गोजरबाई माझ्यावर टेकल्या. सवयीनं स्नेहलचा हात ब्रेककडे गेला. मधेच थांबला.

"फ्राऊ घोलप, डार्फ इश?" घोलपबाई, नेऊ का?

गोजरबाईंनी 'या' म्हणायचं, म्हणजे हो. ताईंनी घोकून घेतलं होतं. त्या ठसक्यात म्हणाल्या, "नाईन!" नाही!

ताईंनी कपाळाला हात लावला. स्नेहलनं माझ्या मुठी सोडल्या, पुढं येऊन उकिडवी बसली आणि जर्मनमध्येच म्हणाली, "बरं. तुम्ही सांगाल तेव्हा." आणि खरंच थांबली. पडद्यावरच्या बाईही हातातलं पेन ठेवून थांबल्या. सावकाशीनं, अगदी राणीसारखं, गोजरबाई "या" म्हणाल्या.

स्नेहलची निवड झाली. ताईंचा जीव मात्र अजून थाऱ्यावर नव्हता.

"असं का केलंत, मावशी?"

"जन्मात पयल्यांदा कुणी मला इचारलं, ताई. म्हनलं, नाय म्हणून बघावं. थांबतंय का कुणी."

हे म्हणताना त्या माझ्या हातावर बोट फिरवत होत्या. स्नेहल त्यांच्या गळ्यातच पडली, तेही न विचारता.

मित्रांनो, माझ्यावर बसलेल्याचे पाय थकलेले असतात, मर्जी थकलेली नसते. माझ्या मुठी धरण्याआधी त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा. मला कसली आलीय घाई?