अर्धे आधी

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात एकच नियम होता. अर्धे पैसे आधी, मग कात्री. कुणी कुरकुर केलीच, तर मास्तर गळ्यातली टेप सारखी करत म्हणायचे, "ॲडव्हान्स घेतला की माणूस बांधला जातो. जो घेत नाही, तो कधीही हात वर करेल." हे नुसतं तोंडानं बोलणं नव्हतं. ॲडव्हान्स घेतला आणि काम दिलं नाही, असं त्यांच्या हातून एकदाही घडलं नव्हतं. एकदा तर अंगात ताप असताना त्यांनी नवरदेवाचा सूट पुरा केला होता आणि वर त्यालाच दम भरला होता, "आता लग्न लागेपर्यंत जेवणावर ताव मारू नकोस, पोटाशी जागा ठेवलेली नाही."

या नियमाचा मास्तरांना भारी अभिमान. त्यानंच त्यांचा घात केला.

मास्तरीणबाईंच्या ऑपरेशनसाठी त्यांनी दुकान तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं होतं. बाई बऱ्या झाल्या, पण धंदा आजारी पडला. लोक तयार कपडे घेऊ लागले आणि मास्तरांकडे उरलं ते उसवणं, आवळणं, चेन बदलणं. हप्ते ओढूनताणून जात होते, पण जात होते. तशात एक फोन आला.

"काका, तुमचं निम्मं कर्ज माफ होईल. शंभर टक्के हमी," फोनवरचा माणूस म्हणाला. आवाज गोड, बोलणं अदबीचं. बँकेशी आमची कंपनी बोलेल, तुम्ही फक्त आमची फी आधी भरा, आणि तीही शुक्रवारच्या आत, नंतर योजना बंद. आपल्यावर कर्ज आहे हे याला कळलं कुठून, असा प्रश्न मास्तरांना पडायला हवा होता. त्यांना उलट कौतुकच वाटलं.

मास्तरीणबाई शेजारीच काजं करत बसल्या होत्या. "काम व्हायच्या आधी पैसे? आणि माणूस डोळ्यांनी बघितलासुद्धा नाही."

"मी नाही का आधी घेत?" मास्तर उखडले. "आधी मागतोय म्हणजे काम करणारा आहे. फुकट करतो म्हणाला असता, तर मीच फोन ठेवला असता."

मास्तरांचा आवाज चढला की बाई सुईदोऱ्यात डोकं घालायच्या. तेव्हाही घातलं. त्या दिवशी मी भांडायला हवं होतं, असं त्या अजून म्हणतात.

फी गेली. मग साहेबांनी, म्हणजे फोनवरच्या त्या माणसानं, पुढचं सांगितलं. मास्तर त्याला एव्हाना साहेबच म्हणू लागले होते. बँकेचा हप्ता बंद करा आणि तो आमच्याकडे भरा, आम्ही साठवून एकदम तडजोड करू. बँकेचा फोन घेऊ नका, नाहीतर तडजोड फिसकटेल. बँकेचं पाकीट आलं तर न फोडता आमच्या पत्त्यावर पाठवा. सात-आठ महिने मास्तरांनी सगळं अगदी मापात केलं. बँकेतल्या एक बाई फोन करकरून थकल्या. एकदा चुकून उचलला गेला, तर मास्तर रुबाबात म्हणाले, "माझ्या सल्लागाराशी बोला," आणि ठेवून दिला. त्या दिवशी त्यांना फार हलकं वाटलं होतं. चहासुद्धा दोनदा मागितला.

त्याच सुमारास शेजारची बेकरीवाली एक कोट घेऊन आली. तिच्या नवऱ्याचा. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. आता मुलाला नोकरी लागली होती, आणि पहिल्या दिवशी त्यानं बापाचा कोट घालून जावं, एवढीच तिची इच्छा होती.

"खांदे उतरवावे लागतील. बाप चांगला आडव्या अंगाचा होता," मास्तर कोट उलटून बघत म्हणाले. "कापड मात्र फर्स्ट क्लास. पोरगा साहेब दिसेल."

तिनं न सांगताच अर्धे पैसे काढून टेबलावर ठेवले. "तुमचा नियम ठाऊक आहे मला. आतल्या खिशात त्यांचा रुमाल आहे, तो तसाच राहू द्या. सोमवारी पहिला दिवस आहे, मास्तर."

"रविवारी घेऊन जा."

मास्तरांनी तो कोट जीव लावून उसवला. खांदे उतरवले, नवं अस्तर घातलं. बाह्या तेवढ्या कच्च्या धाग्यावर राहिल्या होत्या. गुरुवारी ते दुपारचं जेवून परत आले, तर शटरला बँकेचं कुलूप होतं आणि कुलपावर सील.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"काळजी करू नका, काका. काम चालू आहे," आवाज तसाच गोड होता.

"अहो, दुकान गेलं माझं! ॲडव्हान्स तर घेतला होतात तुम्ही!"

"विश्वास ठेवा," साहेब म्हणाले. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

मास्तर पत्ता शोधत गेले. तिथे दातांचा दवाखाना निघाला. काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "कर्जवाले ना? रोज कुणी ना कुणी येतं. पाकिटंही येतात, आम्ही टाकून देतो. तशी कंपनी इथे कधी नव्हतीच."

शेवटी ते बँकेत गेले. फोन करणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या निघाल्या.

"काका, किती फोन केले मी तुम्हाला! हप्ता कमी करून मुदत वाढवून देणार होतो. त्याला पैसे लागत नाहीत, तुमची एक सही हवी होती. पत्रंसुद्धा पाठवली."

"ती मी न फोडताच त्यांना पाठवली," मास्तर म्हणाले.

"कर्ज मिटवतो म्हणून आधी पैसे मागणारा आणि बँकेशी बोलू नका म्हणणारा चोरच असतो, काका. पोलिसांत तक्रार करा." त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण त्या हळू आवाजात बोलत राहिल्या.

"दुकानाचं राहू द्या," मास्तर म्हणाले. "आत एक कोट आहे. तो माझा नाही."

"अर्ज द्या. मोजदाद झाली की गिऱ्हाइकांचे कपडे परत मिळतील. पुढच्या आठवड्यात."

"सोमवारी हवाय तो."

बाईंनी अर्जाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

रविवारी संध्याकाळी बेकरीवाली घरी आली. दारातच उभी राहिली. "सील बघितलं मी. पण म्हटलं, कोट तुम्ही घरी आणला असेल."

मास्तरांनी तिचे पैसे पुढे केले. तिनं ते घेतले नाहीत. त्यांच्या हाताकडे नुसती बघत राहिली.

"ॲडव्हान्स तर घेतला होतात तुम्ही, मास्तर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.

मास्तरांना सांगायचं होतं की खांदे सुरेख बसलेत, रुमाल खिशातच आहे, बाह्याच काय त्या राहिल्यात. तोंडातून भलतंच निघालं.

"काम चालू आहे," ते म्हणाले. "विश्वास ठेवा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं, आणि पैशाचा हात तसाच पुढे ठेवून मास्तर तिच्यासमोर रडू लागले.