मुरमाडावरची तूर

आमच्या सोसायटीच्या मागे डोंगराचा एक उतार आहे. फ्लॅट विकताना बिल्डरने त्याला 'निसर्गाची कूस' म्हटलं होतं. त्या कुशीत लोक फुटक्या फरशा आणि जुनी कमोडं टाकतात. मी पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाले त्याच सुमाराला भावांनी जुनं घर पाडायला दिलं आणि माझ्या वाट्याला धायरीतला हा फ्लॅट आला. मी एकटी राहते. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे दोन उत्तरं तयार असतात आणि दोन्ही खोटी आहेत.

द्वारकाबाई एप्रिलात शेजारी राहायला आल्या. त्यांचा मुलगा आनंद आयटीत आहे, सून पूर्णिमाही. वडील गेल्यावर आनंदने आईला अकोल्याकडच्या गावाहून इकडे आणलं. शेत मक्त्याने देऊन टाकलं, घराला कुलूप लावलं. सकाळी नऊला मुलगा-सून बाहेर पडले की द्वारकाबाई संध्याकाळपर्यंत एकट्या. लिफ्टमध्ये त्या प्रत्येकाला 'जेवले का' विचारत आणि लोक मोबाइलमध्ये तोंड घालत. हे मी सांगते आहे, पण पहिले दोन आठवडे मीही तेच केलं होतं.

एकदा सकाळी गॅलरीतून पाहते, तर बाई उतारावर उकिडव्या बसून माती चिमटीत चुरत होत्या. मी खाली गेले. त्या म्हणाल्या, इथली जमीन चांगली दिसते, उन्हाळा असून एक भेग पडलेली नाही, म्हणजे खाली ओल असणार. त्यांच्या गावच्या काळ्या रानात मे महिन्यात एवढ्या भेगा पडतात की विळा आत गेला तर सापडत नाही. मी शिक्षिका, गप्प कशी बसणार? त्यांना सांगितलं की भेगा पडायला चिकण माती लागते, आणि इथे मातीपेक्षा खडे जास्त. भेग नाही म्हणजे ओल आहे असं नव्हे, फुटायला काही नाहीच. त्यांनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे खुरपं आहे का ते विचारलं.

त्याच आठवड्यात मायलेकांचा करार झाला. मी तेव्हा त्यांच्याकडे पोहे खात होते, म्हणून साक्षीदार. आनंदला आई कायमची इथे राहायला हवी होती, आईला गावी परत जायचं होतं. वाद बराच चालला. शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या, "ह्या टेकडावर पावसाच्या पान्यावर तूर पिकली, तं मी राहीन. नाई पिकली तं मले घरी नेऊन सोड." आनंद हसला आणि कबूल झाला. त्याला वाटलं, तूर काय, लावली की येते. मी हसले नाही. तुरीचं मूळ चांगलं पुरुषभर खोल जातं, आणि त्या उताराला माती किती आहे ते मला माहीत होतं.

मग मी त्यांना पार्किंगमध्ये घेऊन गेले. तिथे गाड्यांसाठी डोंगर उभा कापला आहे आणि त्या कापात सगळं उघडं दिसतं. वर वीतभर तांबूस माती, तीही निम्मी खड्यांची. तिच्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला खडक, नखाने उकरला तरी भुगा होणारा. त्यात मधेमधे गोल धोंडे अडकलेले, त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. आणि त्याच्याही खाली काळा कातळ, ज्याने ब्रेकरवाल्यांना रडवलं होतं. मी म्हटलं, बाई, हा खडक आणि तुमच्या गावची काळी माती एकाच घरातले. दोन्ही त्याच लाव्हाचे. तिकडे सपाटी आहे, झिजलेलं जागच्या जागी साठत गेलं. इकडे उतार, दर पावसाला बारीक माती खाली वाहून जाते आणि दगड तेवढे मागे राहतात.

त्यांनी त्या तांबूस पट्टीवर आडवा पंजा ठेवला. पट्टी जवळजवळ झाकली गेली.

"इतकीच?" त्या म्हणाल्या.

मी सुचवलं, हुलगा पेरा, हुलग्याला एवढी माती पुरते. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांना परीक्षेत कॉपी करायला सांगितलं होतं. करार तुरीचा होता.

पहिली पेरणी त्यांनी हातची घालवली. पाऊस चांगला झाला, आणि बाई वाफशाची वाट बघत बसल्या. काळ्या रानात पाऊस पडला की चिखल होतो, पाय टाकता येत नाही, चार-पाच दिवसांनी जमीन पेरण्याजोगी होते, तो वाफसा. आमच्या उतारावर दुसऱ्या दिवशी दुपारीच पाणी मुरमातून निघून गेलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी धुळीत बी टाकलं आणि मुंग्यांनी ते नेलं. पुढच्या पावसाला मीच सकाळी त्यांचं दार वाजवलं, म्हटलं, जोर ओसरलाय तोवर चला, आजच. दोघी साडीचे पदर खोचून भुरभुर पावसात उकिडव्या बसलो. सोसायटीचे चेअरमन छत्री घेऊन आले आणि परवानगी आहे का विचारू लागले. मी त्यांना विचारलं, तिकडे जे कमोड पडलंय, त्याला कोणी परवानगी दिली होती? ते गेले.

तूर उगवली. आणि माझ्या सकाळी बदलल्या. सातला उतारावर फेरी, मग माझ्याकडे चहा, मग त्यांच्या गावच्या गोष्टी, ज्यांत निम्म्या लोकांची नावं मला एव्हाना पाठ झाली होती. मी आयुष्यभर माणसांपासून चार हात लांब राहिले आणि त्याला स्वाभिमान म्हणत आले. साठी ओलांडल्यावर मला एक मैत्रीण मिळाली होती. दुपारी कधी त्यांचा डोळा लागला आणि दार उघडलं नाही, तर मला करमत नसे. तूर पिकावी असं आता आनंदपेक्षा मला जास्त वाटत होतं. एकदा मी बादलीभर पाणी घेऊन निघाले, तर त्यांनीच अडवलं. पावसाच्या पाण्यावर म्हणजे पावसाच्या पाण्यावर.

गणपतीपर्यंत रोपं कमरेएवढी झाली. मग पाऊस उघडला तो उघडलाच. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर तूर थंडीपर्यंत निभावून नेते, पण वीतभर मातीत साठणार काय आणि किती? दिवाळीच्या आसपास पिवळी फुलं आली, आणि आठवडाभरात खाली पडून वाळली. पानं आतल्या बाजूला वळली. आनंद म्हणत होता, आई, करार गेला उडत, तू राहा. कापणीची वेळ येऊ दे, एवढंच त्या म्हणाल्या.

डिसेंबरात त्यांनी मला उतारावर नेलं. वरची सगळी तूर काड्या झाली होती. पण अगदी खाली, कंपाउंडच्या भिंतीशी, तीन झाडं हिरवी उभी होती आणि त्यांना शेंगा होत्या. चांगल्या टपोऱ्या. भिंतीशी वरून वाहून आलेली माती साठली होती, हातभर तरी.

द्वारकाबाईंनी एक शेंग सोलून माझ्या तळहातावर दाणे ठेवले.

"सांगा मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "पिकली म्हनाचं का नाई पिकली?"

मला कळलं की मी जे म्हणेन ते ठरणार. आनंद काही म्हणो, ही बाई शब्दाची पक्की होती. पिकली म्हटलं तर त्या राहतील. तो शब्द अगदी जिभेवर आला होता. पण मग वाटलं, यांना गावी जायचंय. माझ्या चहाच्या सोबतीसाठी मी त्यांना खोटं सांगून डांबून ठेवू? मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, हे लपवत नाही.

"नाही पिकली," मी म्हटलं. "ही तीन झाडं वाहून आलेल्या मातीवर आहेत. उताराची तूर गेली."

त्यांनी मान हलवली आणि उरलेल्या शेंगा तोडायला वाकल्या.

पुढच्या रविवारी आनंद त्यांना गाडीने गावी सोडायला निघाला. सामान फार नव्हतं. मी गेटपाशी उभी होते. पूर्णिमाचे डोळे भरले होते, माझे नव्हते, माझे भरत नाहीत. द्वारकाबाईंनी माझा हात हातात घेतला.

"एक सांगू, बाई? पिकली का नाई पिकली, हे मले समजत नव्हतं काय? जल्मभर तूर पेरली मी."

"मग मला कशाला विचारलंत?"

"तुमाले मी राहाले पाह्यजे का नको," त्या म्हणाल्या, "ते पाहाचं होतं."

आनंद डिकीत पिशव्या नीट लावत होता. एक पिशवी बसत नव्हती, ती त्याने काढली, पुन्हा घातली. वेळ भरपूर होता. राहा, एवढंच म्हणायचं होतं मला. तीस वर्षं ज्या बाईने वर्गात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चुकवलं नाही, तिला प्रश्नच उशिरा कळला होता, आणि कळल्यावरही तोंड उघडत नव्हतं.

"पोचलात की फोन करा," मी म्हटलं.

"करतो," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

रात्री फोन आला तो आनंदचा. म्हणाला, काकू, व्यवस्थित पोचलो, आईने तुम्हाला आठवणीने कळवायला सांगितलंय. मी म्हटलं, बरं झालं. घर कसं आहे विचारलं. धूळ फार आहे, पण आई लगेच झाडायला लागली, असं तो म्हणाला. मग म्हणाला, इथेच आहे, देऊ का तिला?

मी म्हटलं, नको, दमल्या असतील.