झिऱ्याची जोडी

खुशालनं आईच्या हातातले चाळ काढून घेतले आणि कोपऱ्यातल्या धानाच्या टोपल्यात खोल खुपसले. वरून धान सारखं केलं. एक घुंगरू आतल्या आत वाजलं, मग तेही निजलं.

"आजचा दिवस नको, माय. पाहुणे येणार आहेत."

गोकुळा पायाला तेल चोळत होती. तेलाचा हात तिनं लुगड्याच्या काठाला पुसला.

"पयली फोड आहे आज. लटारू उभा राहीन ना झिऱ्यावर."

"त्याला सांगतो मी, तुला ताप आहे म्हणून."

"ताप." तिनं कपाळाला हात लावून पाहिला. "मंग घरचं कोनी जाईन का माह्या बदली?"

खुशाल वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती. ती सोडून त्यानं पुन्हा बांधली.

"बरं बापा," गोकुळा म्हणाली. "ताप तं ताप." आणि ती चुलीकडे वळली.

पाणी ओसरलं की वैनगंगा आपली रेती उघडी करते, आणि गावातल्या ढिवर कोळ्यांना ती पट्ट्यापट्ट्यानं वाटून दिली जाते. टरबूज, डांगर, काकडी. पट्टा एकट्याला मिळत नाही, दोन घरांच्या जोडीला मिळतो, एका घरचा पुरुष, दुसऱ्या घरची बाई. त्या दोघांनी मिळून रेतीत झिरा खोदायचा, एकानं पाणी उपसायचं, दुसऱ्यानं घागरी भरून वेलांना घालायचं. फागुनात पहिलं टरबूज फोडतात, त्या दिवशी प्रत्येक जोडी आपल्या झिऱ्याभोवती नाचते. भोवतीची रेती आधी भिजवून ठेवतात. त्याच्या दोन पावलांमध्ये तिचं एक, तिच्या दोन पावलांमध्ये त्याचं एक, असं गोल जायचं. नाच सरला की ओल्या रेतीत पावलांची वेणी उमटलेली असते. मुखिया वाकून वेणी बघतो. पेड सुटलेला नसेल तर पुढच्या सालीही पट्टा त्याच जोडीचा. जोडीतलं एक जण आजारी असेल, तर त्याच्या घरचं कोणीतरी उभं राहतं. कोणीच उभं राहिलं नाही, तर दिवस मावळायच्या आत झिरा बुजवायचा आणि पट्टा दुसऱ्याला द्यायचा.

खुशालला हे कोणी सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी त्याचा बाप इस्तारी पुरात गेला, तेव्हा गोकुळाचा पट्टा जाणारच होता. रांडमुंड बाईसंगं झिऱ्यात कोण उतरणार? लटारू उतरला होता. इस्तारीचा सोबती, डोंगा चालवणारा, बिनलग्नाचा. तेव्हापासून दर फागुनात तो गोकुळाच्या पावलाला पाऊल देत आला. त्या पट्ट्याच्या टरबुजांवर खुशाल चांद्याच्या नॉर्मल स्कूलात शिकला, मास्तर झाला, वरोऱ्याच्या शाळेत लागला. पायात बूट आले.

आणि आता वरोऱ्याचे गुणवंतराव, कापसाच्या जिनातले दिवाणजी, आपल्या मुलीसाठी त्याचं घर बघायला येत होते. जातीचेच, पण नदी सोडून शहरात बसलेले. त्यांच्या घरी बायका पाहुण्यासमोर पडद्याआडून बोलत. त्यांच्या होणाऱ्या विहिणीनं परपुरुषासोबत उघड्या रेतीवर पाय नाचवायचे, म्हणजे संपलंच.

ऊन कललं तसा डोंगा काठाला लागला. डोंगा लटारूच आणत होता. आजच्या दिवसासाठी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि डोक्याला तांबडा रुमाल बांधला होता. त्यानं आधी स्वतः पाण्यात उडी घेतली, गुणवंतरावांना दंडाला धरून उतरवलं, मग त्यांची छत्री आणि पिशवी काखेत घेऊन मागे उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आमच्या खुशालचं पाहून घ्याजी साहेब. असा पोरगा दहा गावात नाई."

गुणवंतरावांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग खुशालकडे.

"हे कोण तुमचे?"

एवढासा प्रश्न. वर्गात खुशाल असे शंभर प्रश्न विचारी आणि उत्तराला वेळ लागला की चिडे.

"गडी आहे," तो म्हणाला. "आमच्या वाडीवरचा."

काठावर जाळं सुकवत बसलेली सुकरी मान वर करून बघायला लागली. लटारूनं छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"हो जी," तो म्हणाला. "गडीच हाव मी. लय वर्सापासून."

चालता चालता खुशालनं पाऊल मागे घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "लटारूकाका, मायला ताप आहे. तिला आज जमणार नाही."

"ताप? सकारी तं पन्नास घागरी भरून गेली."

"दुपारून आला."

लटारू त्याच्या बुटांकडे बघत राहिला. बुटांत रेती शिरली होती आणि चालताना करकरत होती.

"बाईले म्हनजो, पांघरून घेऊन झोप," तो म्हणाला. "अन् तू हायेसच ना."

खुशालनं ते ऐकलं नसल्यासारखं केलं आणि पाहुण्यांना गाठायला पुढे गेला.

जेवण झाल्यावर गुणवंतरावांनीच ढोलकी ऐकली. "काय चाललंय रेतीवर?" म्हणून ते उठलेच. खुशाल म्हणाला, काही नाही, गावंढळ खेळ आहे. तरी ते काठावरच्या करंजीच्या सावलीत जाऊन बसले, आणि खुशालला त्यांच्या शेजारी बसावं लागलं.

खाली सोळा झिरे होते. ढोलकी, टाळ, आणि उपड्या घागरीवर पडणारी बोटं. नदीचा पट्टा एवढा मोकळा, की गाणं पलीकडच्या काठाला लागून परत येई. एकेका झिऱ्यावर जोडी उभी राही, पुरुष विचारी, बाई सांगे:

कोन उपसते पानी वं, कोन भरते घागर?
तू उपस पानी रे, मी भरीन घागर.
कोनाच्या पावलामागं कोनाचा पाय?
तुह्या पावलामागं माहा, दुसरं काय!

"दुसरं काय"वर सगळ्या बाया हसत. सुकरीनं तर आपल्या म्हाताऱ्या दिरासोबत नाचता नाचता त्याला ओरडून सांगितलं, "भाऊजी, पाय उचला, रेतीत रोप नाई लावाचं!" आणि काठावरची माणसंही हसली. गुणवंतराव हसले नाहीत. त्यांच्या चपलेतला अंगठा मात्र हलत होता.

मग शेवटच्या झिऱ्यावर लटारू एकटा उभा राहिला.

"गोकुळा कुठी?" मुखिया भैयाजीनं विचारलं.

"बाईले ताप हाये."

"मंग घरचं कोनी?"

ढोलकी थांबली. भैयाजीनं काठाकडे पाहून हाक दिली, "गोकुळाच्या घरचं कोनी हाये का?" एकदा. दुसऱ्यांदा. रेतीवरच्या सगळ्या माना करंजीकडे वळल्या. लटारूनं मात्र तिकडे पाहिलं नाही. तो घागरीतलं पाणी भोवतालच्या रेतीवर शिंपडत होता. पाहुणा आहे, पोराला वेळ लागेल, तोवर रेती सुकू नये, असं.

तिसरी हाक आली. खुशालनं दोन्ही हात गुडघ्याखाली घेतले. तळव्याला रेतीचे कण टोचले, ते त्यानं आणखी दाबून धरले.

"नाई कोनी," सुकरी मोठ्यानं म्हणाली. "गुरुजी पाहुन्यापाशी बसून राह्यले."

लटारूनं ढोलकीवाल्याला मान हलवून खूण केली आणि तो एकटाच नाचू लागला. पाऊल टाकलं की थांबे. एका पावलाची जागा सोडी. मग पुढचं टाके. कोन उपसते पानी वं, म्हणून विचारी आणि तिच्या ओळीइतका वेळ गप्प राही. त्या वेळात नुसती ढोलकी वाजे. कोनाच्या पावलामागं कोनाचा पाय. या वेळी "दुसरं काय" कोणी म्हटलं नाही, म्हणून कोणी हसलंही नाही.

भैयाजीनं वाकून रेती पाहिली. पाहायला काही नव्हतं, तरी पाहिली. "दिवस हाये तोवर बुजव," तो म्हणाला आणि टरबुजं फोडत होते तिकडे निघून गेला. सगळेच गेले.

गुणवंतरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"आमचा झिरा पवनीले होता," ते म्हणाले. "मी सहा वर्षांचा असेन. काकू माझी नाचे, शेजारच्या कोंडबाजीसंगं. मले खांद्यावर बसवून न्यायचा तो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"झिऱ्यावर गडी नसते, गुरुजी."

ते उठले. छत्री स्वतःच उचलली आणि डोंग्याच्या दिशेनं चालू लागले. चार पावलांवर थांबून, मागे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमचा गडी मोकळा झाला की डोंगा सोडायले सांगा. घाई नाई."

रेतीवर लटारू गुडघे टेकून बसला होता. हातानं रेती ओढून झिऱ्यात लोटत होता. फावडं शेजारीच पडलं होतं, पण त्यानं ते घेतलं नव्हतं. तांबडा रुमाल डोक्यावरून काढून त्यानं खांद्यावर टाकला होता. झिऱ्यातलं पाणी अजून दिसत होतं, वीतभर, आणि सूर्य पलीकडच्या सागाच्या शेंड्याला टेकायला तेवढाच उरला होता.

खुशाल काठावरून खाली उतरला. झिऱ्यापाशी आल्यावर त्यानं काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. काका, म्हणायचं होतं. त्यानं बूट काढले. मोजे काढले. पांढरे, बोटांपाशी चिमटलेले पाय रेतीवर ठेवायला त्याला लाज वाटली. बूट आल्यापासून या पायांना रेती अशी उघडी लागली नव्हती.

ओल्या रेतीत लटारूची पावलं होती, रुंद, टाचेशी भेगाळलेली. आणि दोन पावलांमध्ये दर वेळी सोडलेली जागा. मापून सोडलेली, गोकुळाच्या पायाएवढी.

खुशालनं पहिल्या जागेत पाऊल ठेवलं. लटारूचे हात रेतीतच थांबले. त्यानं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या जागेशी खुशाल अडखळला, डावं पाऊल बाहेर पडलं. पाय एकमेकांत गुंतत होते. तो तिथेच उभा राहिला, एका पायावर, कुठून चुकलं ते न कळून.

पाठीमागे चाळ वाजले. चालण्याच्या लयीत, एकेक. गोकुळा डोक्यावर रिकामी घागर घेऊन येत होती. घुंगरांत अजून धानाचा भुसा अडकला होता. तिनं घागर उतरवली, लटारूच्या हाताशी ठेवली, आणि मुलाच्या पायांकडे पाहिलं.

"उजवा पाय पयले, गुरुजी," ती म्हणाली.

आजवर तिनं त्याला कधी गुरुजी म्हटलं नव्हतं.

खुशालनं डावं पाऊल उचलून घेतलं. रेतीत त्याचा ठसा राहिला, वेणीच्या बाहेर, एकटा. तळव्यानं ठसा पुसायला तो वाकला.

"राहू दे तो," लटारू म्हणाला, आणि घागर उपडी करून त्यानं तिच्यावर बोटं ठेवली.